नवं एअर पिस्तूल: आधी ग्रुप बघा, मग साईटला हात लावा

नवं पिस्तूल हातात आलं की पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येकजण एकच गोष्ट करतो. टार्गेट लावतो, पाच गोळ्या मारतो, सात, आठ, सहा, नऊ, सात असे आकडे बघतो आणि लगेच स्क्रू-ड्रायव्हर काढून साईट, म्हणजे नेम धरायची खूण, फिरवायला लागतो. पुढच्या पाच गोळ्या भलतीकडे जातात. साईट परत फिरते. तासाभरात कार्डाची चाळण होते, पेलेटचा, म्हणजे एअर पिस्तुलाच्या गोळ्यांचा, अर्धा डबा संपतो आणि पिस्तूल चांगलं आहे की नाही, हा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो.

मीही हेच केलं, आणि एक दिवस नाही, सलग तीन आठवडे. घरच्यांनी पैसे साठवून घेऊन दिलेलं पिस्तूल होतं, त्यामुळे "यात काहीतरी दोष आहे" हे म्हणायची हिंमत होत नव्हती आणि "माझंच चुकतंय" हेही पटत नव्हतं. शेवटी आमच्या प्रशिक्षक सरांनी पिस्तूल हातात घेतलं, तोंड टार्गेटकडे ठेवून मागच्या साईटचं पातं अंगठ्याच्या नखाने बाजूला ढकललं. टिक, असा अगदी बारीक आवाज आला. "अगं, हे हलतंय. तू तीन आठवडे कशाला नेम धरत होतीस?" पातं धरून ठेवणारा स्क्रू अर्धा फेरा सैल होता. तो आवळायला दहा सेकंद लागली.

तेव्हापासून माझ्याकडे कुणी नवं पिस्तूल घेऊन आलं की मी आधी एकच गोष्ट सांगते: पिस्तुलाची परीक्षा आणि तुमची परीक्षा एकाच वेळी घेऊ नका. दोन्ही एकत्र घेतल्या तर नापास कोण झालं ते कळत नाही. खाली जे लिहिलंय ते १० मीटर एअर पिस्तुलाबद्दल आहे, कारण आपल्याकडे सुरुवात बहुतेकांची तिथूनच होते. पद्धत मात्र .२२ च्या स्पोर्ट पिस्तुलालाही तशीच लागू पडते.

आधी थोडं गणित, कारण त्यावर सगळं अवलंबून आहे

१० मीटर पिस्तुलाच्या कार्डावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. त्याच्या आत ५ मिलिमीटरचं इनर टेन. काळा भाग सातच्या वर्तुळापर्यंत, म्हणजे ५९.५ मिलिमीटरचा. एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळापर्यंत ८ मिलिमीटर अंतर. पेलेट ४.५ मिलिमीटरचं, आणि भोक रेषेला नुसतं शिवलं तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे पेलेटचा मध्यबिंदू कार्डाच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत कुठेही पडला तरी दहा. हिशेब केला तर तुमच्याकडे प्रत्यक्षात १६ मिलिमीटर व्यासाची जागा आहे.

चांगलं मॅच पिस्तूल पक्कं धरून, योग्य पेलेट घालून मारलं तर पाच गोळ्या एकाच फाटक्या भोकात जातात. भोकांच्या या पुंजक्याला ग्रुप म्हणतात, आणि त्याचं माप म्हणजे दोन सगळ्यांत लांबच्या गोळ्यांच्या मध्यांमधलं अंतर: इथे दोन ते चार मिलिमीटर. त्या १६ मिलिमीटरच्या जागेत असे ग्रुप आरामात मावतात.

आता तुमचा उभ्याचा, म्हणजे उभं राहून मारलेला, ग्रुप समजा ४५ मिलिमीटरचा आहे. नवशिक्यासाठी हा आकडा वाईट नाही. पिस्तुलाचे ४ आणि हाताचे ४५ यांची साधी बेरीज होत नाही. दोन्ही चुका स्वतंत्र असल्यामुळे त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं, शाळेतल्या पायथागोरससारखं. उत्तर येतं ४५.२. पिस्तूल दुप्पट वाईट, म्हणजे ८ मिलिमीटरचं धरलं तर ४५.७. अर्धा मिलिमीटर फरक. पेलेटचा महागडा डबा घेतल्याने आपले गुण दहाने वाढतील असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

आता सैल साईटचं बघा. पुढच्या आणि मागच्या साईटमधलं अंतर समजा ३२० मिलिमीटर आहे. टार्गेट १० मीटरवर, म्हणजे साईटवरची चूक तिथे साधारण ३१ पट होते. मागचं पातं ०.२ मिलिमीटर सरकलं, वहीच्या दोन पानांच्या जाडीएवढं, तर गोळी ६ मिलिमीटर सरकते. आणि ती सरकण्याला काही धरबंद नसतो. एका गोळीला डावीकडे, दुसरीला उजवीकडे. पुढची साईट मागच्या खाचेत १ मिलिमीटर बाजूला दिसली तर दहाचा थेट सात होतो.

म्हणून तपासणीचा क्रम असा: आधी सैल काही नाही ना, मग पिस्तुलाचा ग्रुप, मग पेलेट, मग तुमचा उभ्याचा ग्रुप, आणि साईट सगळ्यांत शेवटी.

घरी, टेबलावर

रेंजवर जायच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास काढा. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा. लोडिंग लिव्हर उघडा, आत बघा, सेफ्टी फ्लॅग किंवा रंगीत दोरी नळीतून आरपार घाला. घरात लहान मूल असेल तर हे काम दार बंद करूनच.

पेटीत कारखान्याचं टेस्ट कार्ड असतं, त्यावर पाच गोळ्यांचा ग्रुप मारलेला असतो. ते फेकू नका. त्याच्या बाजूला पुष्कळदा कोणत्या पेलेटने मारलं तेही लिहिलेलं असतं. तो तुमचा पहिला पुरावा: तुमच्या हातात येण्याआधी ही नळी काय करू शकत होती.

मग हवेचा सिलिंडर. त्यावर उत्पादनाची तारीख कोरलेली असते; सिलिंडरचं आयुष्य १० वर्षं धरतात, त्यानंतर तो वापरायचा नाही. पिस्तूल नवं असलं तरी दुकानात पडून राहिलेला सिलिंडर जुना असू शकतो, म्हणून तारीख वाचा. हवा भरताना हळूहळू भरा, सहसा २०० बारपर्यंत, पण तुमच्या सिलिंडरवर जो आकडा असेल तोच खरा. भरताना सिलिंडर कोमट होतो. अर्ध्या तासाने तो निवला की मॅनोमीटरचा, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्याचा, मोबाईलवर फोटो काढा आणि सकाळी परत बघा. काटा ठळक खाली आला असेल तर गळती आहे. वॉशर कोरडा वाटला म्हणून घरातलं शिलाई मशीनचं तेल घालू नका. दाबाखालच्या हवेत तेल ही धोक्याची गोष्ट आहे. कंपनीने जे ग्रीस सांगितलंय तेवढंच, तेही नखावर मावेल इतकं.

स्क्रूंसाठी पेटीतल्याच अ‍ॅलन की वापरा. पुढची साईट, मागचं पातं, ग्रिपचा मुख्य स्क्रू, ट्रिगरचा खुंट, वजनं लावली असतील तर त्यांचे स्क्रू, एकेक करून. जोर लावायचा नाही; दोन बोटांनी की धरून जितकं आवळलं जाईल तितकंच. त्यानंतर नखाची परीक्षा घ्या: प्रत्येक भाग नखाने ढकलून बघा. आवाज आला, हालचाल जाणवली तर थांबा. ग्रिपसाठी वेगळी परीक्षा लागते. पिस्तूल नेहमीसारखं घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने नळीचं टोक हलकेच डावी-उजवीकडे दाबा. लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये किंचितही खेळ वाटला तर तो ग्रुपमध्ये दिसणारच. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लाकडी ग्रिप ओलावा धरते आणि उन्हाळ्यात आवळते, म्हणून हा स्क्रू ऋतू बदलला की बघायचा.

नवी नळी तेल लावून येते. फेल्टची दोन-तीन क्लिनिंग पेलेट मागून पुढे ढकलून काढा. तेवढं पुरे. सळई आणि ब्रश घेऊन नळी घासत बसायची गरज नाही.

पिस्तुलाचं बिल बॅगेत असू द्या. आपल्याकडे ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचं पेलेट सेकंदाला दीडशे मीटर वेगाने निघालं तर ऊर्जा साडेपाच ज्यूलच्या आसपास येते. तरीही रस्त्यात, बसमध्ये, स्टेशनवर पिस्तूल पेटीबाहेर काढायचं नाही. बघणाऱ्याला ते खेळाचं साधन आहे हे कळत नाही.

रेंजवर पोचल्यावर

बालेवाडीच्या मोठ्या हॉलमध्ये जा, वरळीला जा, कोल्हापुरात दुधाळीला जा किंवा गल्लीतल्या सहा लेनच्या खासगी रेंजवर, पहिली गोष्ट एकच: रेंज ऑफिसरला सांगा की नवं पिस्तूल आहे, तपासायचंय, बसून मारायचंय. टेबल-खुर्ची हवी असेल तर तीही मागा. शक्यतो कडेची लेन घ्या आणि गर्दीची वेळ टाळा. शेजारी स्पर्धेचा सराव करणारा नेमबाज असताना तुम्ही खुर्ची ओढत बसणं बरं दिसत नाही.

नियम थोडेच आहेत, पण त्यांना अपवाद नाही. पिस्तुलाचं तोंड कायम टार्गेटकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. टार्गेट बदलायला किंवा बघायला कुणी पुढे जाणार असेल तर पिस्तूल उघडं, फ्लॅग घातलेलं, टेबलावर, आणि हात बाजूला. "स्टॉप" ऐकू आलं की त्या क्षणी थांबायचं, आधी गोळी मारून मग नाही. डोळ्यांवर चष्मा हवा. पेलेट शिशाची असतात: डब्यात हात घालून मग तसाच वडापाव खायचा नाही, साबणाने हात धुवायचे. एखादं पेलेट ओठांत धरून ठेवायची सवय काहींना असते, ती आजच सोडा.

तपासणीसाठी कागदी कार्ड घ्या. इलेक्ट्रॉनिक टार्गेट गुण अचूक सांगतं, पण भोकाचा आकार दाखवत नाही, आणि तो बघण्यासारखा असतो. चपट्या डोक्याचं पेलेट कार्डात पंचिंग मशीनसारखं गोल, स्वच्छ भोक पाडतं. भोक लांबट दिसलं किंवा एका बाजूला कार्ड फाटलं तर पेलेट डगमगत जातंय असा संशय घ्या. पावसाळ्यात मात्र आधी कार्ड हाताला लावून बघा. दमट कार्डात चांगल्या पेलेटचंही भोक केसाळ येतं.

वाळूची पिशवी

पिस्तुलाचा खरा ग्रुप काढायचा तर त्याला शिकंज्यात धरतात. कारखान्यात तसंच करतात. तुमच्या रेंजवर तशी सोय आणि ती वापरणारा जाणकार असेल तर उत्तमच. नसेल तर स्वतः वाइस आणून नळी किंवा सिलिंडर त्यात आवळू नका. नळीवर दाब आला की ग्रुप बिघडतो, आणि सिलिंडरवर दाब येणं तर सरळ धोक्याचंच.

आपल्यासाठी वाळूची पिशवी पुरेशी आहे. जुन्या जीन्सचा पाय कापून, एक तोंड शिवून, कोरडी चाळलेली वाळू भरायची आणि दुसरं तोंड शिवायचं. तीन चतुर्थांश भरा, म्हणजे मध्ये हाताला खोबण होते. टेबलावर पिशवी ठेवा, खुर्चीवर बसा, आणि मनगट व हाताचा पुढचा भाग पिशवीवर टेका. पिस्तुलाचा कुठलाही भाग पिशवीला लागता कामा नये, सिलिंडरही नाही. दुसऱ्या हाताने पिस्तुलाच्या हाताला खालून आधार दिला तरी चालेल. ही स्पर्धा नाही.

नेम धरताना उभ्याने काळ्याच्या बऱ्याच खाली, पांढऱ्या भागात धरायची सवय असते. तपासणीपुरती ती बाजूला ठेवा. पांढऱ्यातली ती जागा अंदाजाची असते आणि इथे अंदाज नको. काळा गोळा पुढच्या साईटच्या माथ्यावर नेमका टेकलेला, जणू टेबलावर लिंबू ठेवलंय, असं चित्र प्रत्येक गोळीला सारखं धरा. गोळ्या वर जातील, जाऊ देत. गोळ्या कुठे पडतात याच्याशी आज आपलं काही देणंघेणं नाही, फक्त एकमेकींच्या किती जवळ पडतात ते बघायचं. साईटचा स्क्रू-ड्रायव्हर बॅगेतच राहू द्या.

पहिली वीस-तीस पेलेट नुसती मारा, मोजू नका. नळी स्थिरावते आणि हातही. मग नवं कार्ड लावा आणि पाच गोळ्या. प्रत्येक गोळीनंतर, कार्डाकडे बघायच्या आधी, कशी गेली ते वहीत लिहा: "ठीक", "ट्रिगर ओढला", "श्वास सुटला". याला आम्ही कॉल म्हणतो. एखादी गोळी हिशेबातून वगळायची असेल तर ती फक्त कॉलच्या आधारे वगळायची. भोक लांब दिसलं म्हणून "ती माझी चूक होती" असं नंतर म्हणायला लागलात तर प्रत्येक पिस्तूल उत्तम ठरेल.

ग्रुप मोजायला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा डिजिटल व्हर्नियर घ्या. सगळ्यांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. कागद थोडा आवळतो, त्यामुळे आकडा दशांशापर्यंत खरा नसतो, पण सगळे ग्रुप एकाच हाताने, एकाच रीतीने मोजले की तुलनेला अडचण येत नाही.

आणि एका ग्रुपवर निकाल देऊ नका. माझ्या वहीतलं एक पान देते. एकच पिस्तूल, एकच डबा, एकच सकाळ, वाळूच्या पिशवीवरचे सलग चार ग्रुप, ४.५ वजा केल्यावर: ४.६, २.३, ६.५, ३.१. दुसऱ्या ग्रुपवर मी थांबले असते तर पिस्तूल डोक्यावर घेऊन नाचले असते. तिसऱ्यावर थांबले असते तर दुकानदाराला फोन लावला असता. खरं उत्तर चौघांची सरासरी, ४.१. पाच गोळ्यांचे किमान चार ग्रुप, त्याखाली बोलणं नको.

सरासरी ६ च्या आत असेल तर पिस्तूल पास. ६ ते १० मध्ये असेल तर पेलेट बदलून बघा. १० च्या वर असेल तर परत नखाची परीक्षा, आणि मग दुसऱ्या अनुभवी नेमबाजाला तेच पिस्तूल, तीच पिशवी देऊन चार ग्रुप मारायला सांगा. हे आकडे माझ्या अनुभवाचे, नियमपुस्तकातले नाहीत. पण नवख्याने सुरुवात करायला ठीक आहेत.

पेलेट

डब्यावर दोन आकडे बघायचे: वजन आणि डोक्याचा व्यास. पिस्तुलासाठी साधारण ०.४५ ते ०.५३ ग्रॅम, आणि व्यास ४.४९, ४.५० असे. प्रत्येक नळीला एखादा व्यास जास्त मानवतो, आणि तो मारून बघितल्याशिवाय कळत नाही. .२२ रायफलचे मोठे नेमबाज तर आपली नळी घेऊन युरोपातल्या काडतूस कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर जातात आणि लॉटमागून लॉट तपासून पटेल तो खरेदी करतात. आपल्याला इतकं करायचं नाही. तीन प्रकारचे डबे पुरे, आणि सगळे क्लबातल्या मित्रमैत्रिणींकडून मूठ-मूठ मागून घेतलेले असले तरी चालतात.

पेलेट बदललं की पहिली पाच बाजूच्या कार्डावर मारून सोडून द्या. क्रम अ, ब, क आणि मग क, ब, अ असा ठेवा. नाहीतर शेवटच्या डब्याच्या वाट्याला कायम तुमचा थकलेला हात येतो. दोन डब्यांच्या सरासरीत मिलिमीटरभर फरक असेल तर तो फरक नाही असंच धरा आणि जो जवळच्या दुकानात वर्षभर मिळेल तो घ्या. वर काढलेलं वर्गमूळ आठवा.

यापेक्षा जास्त फरक पेलेट कशी सांभाळता यानं पडतो. पेलेटची मागची झालर कागदासारखी पातळ असते. डबा पँटच्या खिशात खुळखुळवत फिरलात, एकदा फरशीवर पाडलात, की त्यातली कित्येक चेपतात. लोड करताना पेलेट उजेडात धरून झालर गोल आहे का तेवढं बघा. चेपलेलं बाजूला ठेवा, सरावाच्या पहिल्या पाचांत वापरून टाका.

दाबाकडेही लक्ष असू द्या. ग्रुप बाजूला नीट बांधलेला, पण वर-खाली ताणलेला दिसला, आणि शेवटच्या गोळ्या खाली खाली चाललेल्या दिसल्या, तर आधी मॅनोमीटर बघा. सिलिंडर उतरला की वेग कमी होतो आणि गोळ्या खाली पडतात. मी १०० बारच्या खाली कधी तपासणी करत नाही.

आता उभं राहून

पिस्तूल पास झालं. आता तुमची पाळी, पण आधी ट्रिगर. स्पर्धेत १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो. तपासताना नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लटकवतात आणि पिस्तूल कॉक केलेलं असताना ट्रिगर न सुटता ते वजन उचललं गेलं पाहिजे. रेंजवर वजन असतं, मागून घ्या. ५०० वर काट्यावर ठेवू नका, दहा-वीस ग्रॅम वर असू द्या. नव्या माणसाने पहिले काही महिने आणखी जड ठेवला तरी बिघडत नाही. ट्रिगर बदलला की उभ्याचा ग्रुप बदलतो, म्हणून तो साईटच्या आधी.

एका हाताने, नेहमीच्या उभं राहण्याने, पाचाचे चार ग्रुप मारा. कॉल लिहा. मोजा. पिशवीवरचा ४ आणि उभ्याचा ४५ हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की कुठे मेहनत करायची ते दिसतं. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या घड्याळातल्या सातच्या बाजूला, म्हणजे खाली-डावीकडे जाऊन बसत असतील आणि पिशवीवर तसं होत नसेल, तर पिस्तूल निर्दोष आहे. ट्रिगर ओढताना पूर्ण मूठ आवळली जातेय. त्यावर इलाज ड्राय फायर, म्हणजे गोळी न घालता ट्रिगरचा सराव, पांढऱ्या भिंतीसमोर, रोज.

साईट, सगळ्यांत शेवटी

साईट फिरवून गोळ्यांचा मध्य कार्डाच्या मध्यावर आणणं म्हणजे झिरो लावणं. पिशवीवर झिरो लावलं तर उभ्याने ते जुळत नाही. हाताचा आधार बदलला की पिस्तूल उसळण्याची रीत बदलते, नेमाची जागाही बदलते. म्हणून झिरो उभ्यानेच, स्पर्धेत धरता त्याच नेमाने, तशाच प्रकाशात. टार्गेटवरचा आणि तुमच्या साईटवर पडणारा प्रकाश दोन्ही महत्त्वाचे. खिडकीतून एका बाजूने ऊन येत असेल तर पुढच्या साईटची ती कड चमकते आणि डोळा फसतो.

आधी क्लिक, म्हणजे साईटचा स्क्रू फिरवताना लागणारा एकेक टप्पा, ओळखून घ्या. साईटच्या स्क्रूवरची अक्षरं आणि बाण कंपनीप्रमाणे वेगळा अर्थ घेऊन येतात. कुठे "गोळी वर जातेय तर इकडे फिरवा" असा अर्थ, कुठे "गोळी वर न्यायची तर इकडे" असा. वाचून ठरवू नका, मारून ठरवा. एक ग्रुप मारा, दहा क्लिक एका बाजूला फिरवा, परत ग्रुप मारा, दोन ग्रुपच्या मध्यांमधलं अंतर मोजा. एवढं एक काम मात्र पिशवीवरच करा, तिथे ग्रुप लहान असल्यामुळे मध्य नीट सापडतो. समजा १४ मिलिमीटर आलं, तर एक क्लिक १.४ मिलिमीटर. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा, बाजूला बाण काढून. लक्षात ठेवायची खूण इतकीच: मागची साईट ज्या दिशेला सरकेल त्या दिशेला गोळी सरकते.

मग उभ्याच्या चारही ग्रुपमधल्या वीस गोळ्यांचा मध्य काढा. चार कार्डं एकावर एक ठेवून उजेडात धरली की तो डोळ्यांनाही दिसतो. समजा मध्य १२ मिलिमीटर डावीकडे आणि ६ खाली आहे. बाराला १.४ ने भागलं की साडेआठ येतात, आठ क्लिक उजवीकडे. सहाला भागलं की चार, चार क्लिक वर. फिरवा, परत दहा गोळ्या, परत मध्य. आता फरक दोन-तीन क्लिकचाच उरेल. एका गोळीवर साईट कधीही फिरवू नका, ती सहा असो की दहा.

स्पर्धेत ६० गोळ्यांसाठी ७५ मिनिटं आणि त्याआधी १५ मिनिटं तयारी व सायटिंगची मिळतात. घरचं झिरो पक्कं असेल तर त्या १५ मिनिटांत दोन-तीन क्लिकचं काम उरतं आणि बाकी वेळ शांत उभं राहायला मिळतो. साधन ऐन वेळी कुणालाही दगा देऊ शकतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरी चालू असतानाच बिघाड झाला, मोलाची मिनिटं गेली, ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. त्याच १० मीटर प्रकारात २०२४ ला पॅरिसमध्ये तिने कांस्य आणलं. म्हणून वहीत क्लिकबरोबर कोणता स्क्रू कोणत्या कीचा, सुटे वॉशर कुठे ठेवलेत, हेही लिहून ठेवा.

पिस्तूल परत न्यायची वेळ आली तर

सगळे स्क्रू घट्ट, सिलिंडर भरलेला, तीन प्रकारची पेलेट, दोन वेगवेगळे नेमबाज, आणि तरीही पिशवीवरची सरासरी १० च्या वर. आता दुकानदाराकडे जा. "पिस्तूल बरोबर मारत नाही" असं सांगू नका, त्यावर "सराव करा" एवढंच उत्तर मिळतं. कार्डं घेऊन जा. प्रत्येक कार्डाच्या मागे तारीख, पेलेट, दाब, कुणी मारलं आणि ग्रुपचा आकडा लिहिलेला असू द्या. सोबत कारखान्याचं टेस्ट कार्ड ठेवा. ती दोन भोकं शेजारी शेजारी टेबलावर आली की बोलणं नेमकं होतं. वॉरंटी असेपर्यंत स्वतः रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह उघडू नका.

पास झालेल्या पिस्तुलाचंही चारपैकी सरासरीच्या जवळचं एक कार्ड ठेवून द्या, मागे सगळा तपशील लिहून, पिस्तुलाच्या पेटीच्या झाकणात. सहा महिन्यांनी, किंवा गुण अचानक घसरले तर त्याआधीच, तीच पिशवी, तेच पेलेट, चार ग्रुप. आकडा तोच आला तर पेटी बंद करा आणि सरांना सांगा की तुमचं उभं राहणं बघायला या.